टाकण्याआधी तोला : एका केटररचं खुलं पत्र

केटररने अन्नकचरा लँडफिलमध्ये, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागी, जाऊ देऊ नये, असा नियम करायला बसलेल्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी केटरर आहे. लोकांच्या समारंभांना, परिषदांना, कंपन्यांच्या मेळाव्यांना जेवण पुरवण्यात पंचवीस वर्षं गेली. तुमचा मसुदा बाहेर पडला की आमच्या धंद्यातले निम्मे लोक पळवाट शोधायला लागतील आणि उरलेले निम्मे, पळवाट सापडलेल्यांना फोन करतील. मी त्यांच्यातलाच आहे, म्हणून तर हे पत्र. पळवाटा कुठे असतात हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच सांगितलेलं बरं. नियम कराच, पण तो मागच्या दाराशी उभं राहून लिहा.

मागच्या दाराशी काय चालतं? जेवणं आटोपली की टेबलं उचलणारी मुलं टब घेऊन फिरतात. एका हाताने ताट वाकडं करायचं, दुसऱ्या हाताने निपटायचं. अन्न, टिश्यू, प्लॅस्टिकचा चमचा, टूथपिक, अर्धी प्यायलेली पाण्याची बाटली, सगळं एकाच टबात. टब काळ्या पिशवीत रिकामा. पिशवी दुहेरी, कारण एकेरी फाटते. अन्नकचऱ्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणीच असतं. म्हणून पिशवी दुहेरी असली तरी ती ओढत नेताना फरशीवर ओली रेघ उमटतेच, आणि ती पुसणं हे त्या रात्रीचं शेवटचं काम. पिशवीतलं काय वेगळं काढता आलं असतं, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडत नाही. सगळ्यांना घरी जायचं असतं.

एक रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. सहाशे माणसांची ऑर्डर होती. संध्याकाळपासून पाऊस लागला आणि जेमतेम निम्मे लोक आले. काउंटरच्या मागे भांडीच्या भांडी तशीच, काहींची तर झाकणंही उघडलेली नव्हती. यजमान म्हणाले, ‘आमचे पैसे चुकते झालेत, उरलेलं तुमचं तुम्ही बघा.’ चार ठिकाणी फोन केले. एकाने उचलला नाही, दोघांकडे गाडी नव्हती, चौथा यायला तयार झाला पण तासाभराने. तोवर बर्नर विझून दीड तास होत आला होता आणि माझा टेम्पो पहाटेच्या दुसऱ्या कामाला लागायचा होता. आचारी माझ्याकडे बघत उभा. ‘काय करू?’ मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, ‘टाक.’

किती टाकलं, ते मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी आणलेल्या मिठाचासुद्धा हिशेब माझ्या वहीत आहे. टाकलेल्या अन्नाचा नाही, कारण ते कुणी तोललंच नाही. हे पत्र मुख्यतः त्या न झालेल्या वजनाबद्दल आहे.

तुमच्या मसुद्यात ‘अन्नकचरा’ असा एकच शब्द असेल. आपल्या घरातल्या बोलीत मात्र तो कधीच एक नव्हता. भाजी निवडताना निघतात ती सालं नि देठ. भांड्यात राहतं ते उरलेलं. ताटात राहतं ते उष्टं, आणि भांड्याला चिकटलेलं ते खरकटं. उरलेलं दुसऱ्याला देता येतं, उष्टं देता येत नाही, हे सांगायला कुणा आरोग्य निरीक्षकाची गरज पडली नाही. आणि प्रत्येकाचा धनी निराळा. सालं-देठ जास्त निघाले तर दोष माझ्या खरेदीचा आणि सुरीचा. उरलं तर दोष ऑर्डरचा, म्हणजे यजमानाचा आणि माझा मिळून. उष्टं पडलं तर दोष थोडा पाहुण्यांचा, पण बराचसा ताटाच्या आकाराचा आणि वाढण्याच्या डावाचा. तो डाव मीच निवडलेला असतो. हे तिन्ही एका काळ्या पिशवीत गेलं की धनी पुसला जातो. मग उरतं फक्त ‘कचरा फार होतो हो’ असं एक वाक्य, जे गेली पंचवीस वर्षं मी ऐकतोय आणि बोलतोयही.

म्हणून माझी पहिली मागणी बंदीची नाही, काट्याची आहे. प्रत्येक कामाच्या शेवटी सालं-देठ, उरलेलं आणि उष्टं यांचं वेगवेगळं वजन करून वहीत लिहायचं, हे बंधनकारक करा. तीन डबे, एक काटा, एक वही. स्वयंपाकघरात वजनकाटा आधीच असतो, तो फक्त माल आत येताना वापरला जातो. बंदी दुसऱ्या दिवशी घातलीत तरी चालेल. पण ज्याचं वजन नाही त्याच्यावर घातलेली बंदी म्हणजे फलकावर लिहिलेलं ‘येथे थुंकू नये’.

लँडफिलच का नको, हे तुम्हाला माहीत असणार, पण आमच्या लोकांना सांगावं लागेल, म्हणून लिहितो. ‘अन्न तर मातीतच जातं ना, कुजून जाईल’ असं मीही म्हणायचो. कुजतं, पण कसं, यावर सगळं आहे. ढिगाखाली हवा पोचत नाही. हवेशिवाय कुजणारं अन्न मिथेन सोडतं, आणि वीस वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट उष्णता धरून ठेवतो. वायू गोळा करायला लँडफिलमध्ये पाइप घालतात हे खरं, पण अन्न इतक्या लवकर कुजतं की पाइप बसेपर्यंत बराचसा वायू निघून गेलेला असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३मध्ये अंदाज मांडला की तिथल्या शहरी लँडफिलमधून हवेत निसटणाऱ्या मिथेनपैकी ५८ टक्के मिथेन एकट्या अन्नाचा आहे. लाकूड, कागद, कापड सगळं एकीकडे आणि आमची काळी पिशवी एकीकडे.

आणि यात आमचा वाटा किती? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४च्या अहवालात २०२२ या वर्षाचा हिशेब दिलाय. जगभरात वाया गेलेलं अन्न साधारण १०५ कोटी टन. त्यातलं ६० टक्के घराघरांतलं, २८ टक्के खाणावळी, हॉटेलं, केटरर अशा जेवण पुरवणाऱ्यांचं, १२ टक्के दुकानांमधलं. घरं आमच्या दुपटीहून पुढे आहेत. हा आकडा पाहून आमच्यातले काही लगेच म्हणतील, ‘आधी घरांना पकडा.’ पण २९ कोटी टन टाकणारी स्वयंपाकघरं घरांच्या तुलनेत मोजकी आहेत, परवाना घेऊन चालतात आणि त्यांचा पत्ता तुमच्याकडे आहे. मी तुमच्या जागी असतो तर सुरुवात आमच्यापासूनच केली असती.

आता पळवाटा. नुसता नियम केल्याने काही होत नाही, हे आता पुराव्याने माहीत आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि व्हर्माँट या पाच राज्यांनी व्यावसायिक अन्नकचरा लँडफिलमध्ये टाकण्यावर सर्वांत आधी बंधनं आणली. त्यांचा अभ्यास २०२४मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. पाचांपैकी चार राज्यांत बंदीचा परिणाम दिसलाच नाही. एकट्या मॅसॅच्युसेट्समध्ये लँडफिल आणि कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांकडे जाणारा कचरा सरासरी सात टक्क्यांच्या आसपास घटला. तिथे वेगळं काय होतं? कंपोस्टचे प्रकल्प पुरेसे आणि परवडणारे होते. नियम सोपा होता, सवलती कमी होत्या. आणि तपासणी खरोखर होत होती. उलट कनेक्टिकटमध्ये २० मैलांच्या आत प्रकल्प नसेल तर नियम लागू नव्हता, ऱ्होड आयलंडमध्ये १५ मैलांच्या. नकाशावर असं वर्तुळ काढून दिलंत की वर्तुळाबाहेरच्यांना झोपायची मोकळीक, आणि आतल्यांना हेवा.

मॅसॅच्युसेट्सने आणखी एक शहाणपणा केला. २०१४मध्ये आठवड्याला एक टनाहून जास्त अन्नकचरा करणाऱ्यांनाच बंदी लागू केली आणि २०२२मध्ये मर्यादा अर्ध्या टनावर आणली. स्कॉटलंडची पायरी याहून खाली उतरली. तिथे २०१४मध्ये आठवड्याला ५० किलोंच्या वर अन्नकचरा असलेल्या धंद्यांना तो वेगळा देणं सक्तीचं झालं आणि २०१६पासून ५ किलोंच्या वर. मोठ्यांपासून सुरू करून खाली यायचं, आणि खाली कधी येणार याची तारीख आधीच सांगायची, हे मला पटतं. छोट्या केटररला तयारीला वेळ मिळतो आणि ‘आम्हाला कधी’ हे कळलेलं असतं.

पण या मर्यादा हॉटेलांचा विचार करून बेतलेल्या असतात. हॉटेल रोज थोडं थोडं टाकतं. केटरर आठवडाभर काहीच टाकत नाही आणि शनिवारी रात्री एकदम टाकतो. त्यातून आम्ही स्वयंपाक एका ठिकाणी करतो, वाढतो दुसऱ्या ठिकाणी, आणि पिशवी ठेवतो तिसऱ्याच्या डब्यात. सभागृहवाला म्हणतो अन्न केटररचं. केटरर म्हणतो डबा सभागृहाचा. यजमान तोवर घरी पोचलेला असतो. ‘कचरा निर्माण करणारी आस्थापना’ असा मोघम शब्द नियमात आला की आमचं काम झालंच म्हणून समजा. सालं-देठ माझ्या स्वयंपाकघराच्या खाती, उरलेलं नि उष्टं सभागृहाच्या खाती, आणि दोघेही मर्यादेच्या खाली! माझी सूचना अशी की मर्यादा आठवड्यावर नको, कामावर ठेवा. इतक्या माणसांच्या वरच्या प्रत्येक जेवणाला नियम लागू, स्वयंपाक कुठेही होवो. वजनाची वही केटररची, वेगळे डबे ठेवायला जागा सभागृहाची, आणि उचलण्याचा खर्च करारात स्वतंत्र ओळ म्हणून यजमानाला दिसलाच पाहिजे. तो खर्च मी पोटात घातला तर पुढच्या वेळीही ऑर्डर फुगवूनच येणार.

ऑर्डर फुगते कशी, हे बाहेरच्यांना कळत नाही. यजमानांच्या यादीत पाचशे नावं असतात. ‘कमी पडायला नको’ म्हणून ते दहा टक्के वाढवून मला साडेपाचशे सांगतात. माझा मॅनेजर त्यावर दहा टक्के धरतो, सहाशे पाच. आचाऱ्याचा कुणावरच विश्वास नसतो. तो आणखी दहा टक्के शिजवतो. झाले सहाशे पासष्ट. तिघांनीही आपापल्या जागी शहाणपणाच केलेला असतो. आणि प्रत्यक्षात पाचशेही येत नाहीत. यामागे भीती आहे, आणि ती खोटी नाही. ज्याच्या जेवणात शेवटच्या वीस माणसांना कमी पडलं त्या केटररचं नाव लोक दहा वर्षं विसरत नाहीत. ज्याच्या जेवणात दोनशे माणसांचं फेकलं गेलं त्याला मात्र ‘भरपूर होतं हो’ अशी शाबासकी मिळते.

या भीतीवर नुसत्या दंडाचा उपाय चालत नाही. वही चालते. मागच्या काही कामांची वजनं समोर ठेवली की मी यजमानांना सांगू शकतो, ‘तुमच्यासारख्या कार्यक्रमांना यादीतले इतके येतात, एवढं उरतं, तर तुम्ही दहा टक्के वाढवू नका, वाढवायचं ते मी बघतो.’ मी हे दोनेक वर्षांपूर्वी सुरू केलं. पहिले काही महिने आचारी रागावला, त्याला वाटलं मी त्याच्यावर पहारा बसवला. मग एकदा त्यानेच वही उघडून दाखवली, की एक ठरावीक पदार्थ दर वेळी निम्मा परत येतो. तो आम्ही कमी केला. कुणीही विचारलं नाही.

बुफेतही एक साधी गोष्ट सापडली. शेवटच्या अर्ध्या तासात काउंटरवरचं मोठं भांडं काढून लहान ठेवायचं आणि लागेल तसं भरत राहायचं. मोठ्या भांड्याच्या तळाशी थोडंसं उरलेलं दरिद्री दिसतं, म्हणून आम्ही ते कायम काठोकाठ ठेवायचो. लहान भांड्यात तेवढंच अन्न भरलेलं दिसतं. आणि जे आतच राहिलं, काउंटरवर आलंच नाही, ते योग्य तापमानाला असतं आणि देता येतं.

देण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे भावना फार आणि माहिती कमी असते. ‘उरलेलं गरजूंना द्या’ असं एक कलम तुम्ही घालालच. घाला, पण हे लक्षात ठेवून घाला की शिजवलेलं अन्न साधारण ६० अंश सेल्सियसच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली नसेल तर त्यात जंतू भराभर वाढतात. बर्नर विझलेला, भांडं उघडं, गाडी तासाभराने येणार, अशा वेळी देणं म्हणजे दुसऱ्याच्या पोटाशी खेळ. द्यायचं असेल तर ते आधी ठरलेलं पाहिजे: नेणारी संस्था कोण, गाडी किती वाजता, झटपट थंड करायची सोय कुणाकडे. माझ्या त्या पावसाळी रात्रीचे चार फोन दुपारी व्हायला हवे होते. आणि चांगल्या मनाने, काळजी घेऊन दिलेल्या अन्नाबद्दल देणाऱ्याला कोर्टात ओढलं जाणार नाही, एवढं संरक्षण कायद्यात लिहा. अमेरिकेत ते १९९६पासून आहे, इटलीने २०१६मध्ये देण्याचे नियम सोपे करणारा कायदा केला. मात्र वहीत ‘दिलं’ असं लिहिलं असेल तर नेणाऱ्याची सही आणि वेळ हवी. नाहीतर ‘दिलं’ हे ‘टाकलं’चंच सभ्य नाव होईल, आणि गरजूंच्या दारात आमचा कचरा उतरवून आम्ही पुण्य मिळवू. तसं करणारे मी पाहिलेत.

जे देता येत नाही ते जनावरांना, बायोगॅसला, कंपोस्टला. हे सगळं तुम्हाला तज्ज्ञ सांगतील. मी फक्त आमच्या बाजूची गोम सांगतो. कंपोस्टवाल्याशी बोललो तेव्हा त्याची तक्रार अन्नाबद्दल नव्हतीच, चमच्यांबद्दल होती. आम्ही ‘पर्यावरणपूरक’ म्हणून घेतलेले चमचे नि ग्लास बहुधा पीएलए नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. ते कुजतात, पण मोठ्या प्रकल्पात, साठ अंशांच्या जवळपासचं तापमान दिवसेंदिवस टिकलं तरच. साध्या ढिगात ते तसेच राहतात, आणि निवडणाऱ्याला ते आणि साधं प्लॅस्टिक सारखंच दिसतं, म्हणून तो दोन्ही फेकतो, कधी कधी आसपासच्या अन्नासकट. तेव्हा वेगळं करायची जागा प्रकल्प नव्हे, ताट निपटण्याचं टेबल आहे. तिथे तीन डबे आणि एक सांगणारा माणूस लागतो. त्या माणसाची मजुरी कुणी तरी द्यायची आहे, हे मसुद्यात मान्य करा.

अजून एक दार बंद करा, नाहीतर सगळा कचरा तिथून जाईल. सिंकखाली अन्न दळून गटारात सोडणारं यंत्र बसवलं की लँडफिलला काही गेलं नाही असं छातीठोक लिहून देता येतं. स्कॉटलंडने धंद्यांचा अन्नकचरा असा गटारात सोडायला २०१६पासून मनाई केली. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनेही अन्नकचऱ्याच्या पर्यायांची जी उतरंड लावली आहे तीत गटार सगळ्यात खाली, लँडफिल आणि भट्टीच्या शेजारी आहे. दक्षिण कोरियाचा अनुभव तर मुद्दाम वाचा. तिथे २००५मध्ये अन्नकचरा थेट लँडफिलमध्ये टाकायला बंदी आली. वेगळा केलेल्या कचऱ्यातून निथळणारं पाणी मग समुद्रात सोडलं जायचं. तेही थांबवलं गेलं ते २०१३मध्ये. त्याच वर्षी टाकाल तितके पैसे ही पद्धत देशभर आली. अनेक सोसायट्यांतल्या डब्यांत आता काटाच बसवलेला आहे, झाकण उघडून टाकलं की किती ग्रॅम ते दिसतं आणि तेवढे पैसे लागतात. पुन्हा काटा! एक दार बंद केलं की पाणी दुसरं दार शोधतं, आणि शेवटी ज्याने टाकलं त्याच्यासमोर आकडा आला तेव्हा ते थांबायला लागलं.

दंडाबद्दल माझं मत आमच्या लोकांना आवडणार नाही. पहिल्या वर्षी वजन कितीही निघो, त्यावर दंड लावू नका; वही नसल्याबद्दल लावा. वजनावर दंड लावलात तर पहिल्या दिवसापासून खोटी वजनं लिहिली जातील आणि तो खोटेपणा कायमचा मुरेल. दुसऱ्या वर्षापासून वजनं जमलेली असतील, तेव्हा कुणाचं किती कमी व्हायला हवं ते तुम्हालाही दिसेल, आम्हालाही. आणि ज्या भागात अन्नकचरा घेणारा प्रकल्पच नाही तिथे नियमातून सूट देऊ नका, प्रकल्प उभा करण्याची तारीख द्या. तोवर वही तरी भरू द्या. तिथे किती क्षमतेचा प्रकल्प हवा, हे त्याच वहीतून कळणार आहे.

शेवटची विनंती तपासणीबद्दल. दुपारी बाराला येऊ नका. तेव्हा स्वयंपाकघर चकाचक असतं, तीन रंगांचे तीन डबे ओळीने मांडलेले असतात आणि मी तुम्हाला चहा पाजतो. कार्यक्रम असेल त्या रात्री साडेअकराला या, न सांगता, मागच्या दाराने. फरशी ओली असेल, जरा जपून.

आपला,
एक केटरर